ब्रिटनमधील हंगामी शेतकाम परवानाधारक ऑपरेटरमार्फत: एका पूर्ण हंगामानंतरचा अनुभव

२०२५ च्या मे महिन्यापासून ऑक्टोबरपर्यंत मी ब्रिटनच्या ‘सीझनल वर्कर’ व्हिसावर दोन ठिकाणी काम केले. आधी हेरफर्डशायरमध्ये स्ट्रॉबेरीची तोडणी केली आणि नंतर केंटमधील सफरचंदाच्या बागेत गेलो. दोन्ही कामे एकाच परवानाधारक ऑपरेटरमार्फत, म्हणजे कामगारांची भरती करून त्यांना शेतांवर पाठवणाऱ्या कंपनीमार्फत, मिळाली. त्या कंपनीचे नाव मी देत नाही, कारण ज्या अडचणी पुढे मांडणार आहे, त्यांतील बहुतेक एका कंपनीच्या नसून योजनेच्या रचनेतूनच येतात, असे माझे मत झाले आहे. परवान्यामुळे आपण दलालाच्या फसवणुकीपासून बऱ्याच अंशी वाचतो. कमाई किती होईल हे मात्र परवाना ठरवत नाही. जाण्यापूर्वी मला पहिली गोष्ट ठाऊक होती, दुसरी तिथे गेल्यावर कळली.

ही योजना २०१९ मध्ये अडीच हजार जागांपासून प्रायोगिक स्वरूपात सुरू झाली. २०२५ साठी फळे, भाज्या आणि फुलांच्या शेतीकरिता ४३,००० आणि कुक्कुटपालनाकरिता २,००० जागा होत्या. या व्हिसासाठी शेतकरी थेट परदेशी कामगाराला बोलावू शकत नाही. सरकारने मान्यता दिलेले मोजकेच ऑपरेटर आहेत. तेच प्रायोजक असतात, तेच प्रायोजकत्वाचे प्रमाणपत्र देतात आणि कामगाराला कोणत्या शेतावर पाठवायचे हेही तेच ठरवतात. मी गेलो तेव्हा या ऑपरेटरांना ‘गँगमास्टर्स अँड लेबर अब्यूज अथॉरिटी’ या नियामक संस्थेचा परवाना बंधनकारक होता. त्या परवान्यामागे एक शोकांतिका आहे. ५ फेब्रुवारी २००४ च्या रात्री मोरकॅम्ब उपसागरात शिंपले गोळा करणारे किमान २१ चिनी मजूर भरतीच्या पाण्यात बुडाले आणि त्याच वर्षी मजुरांच्या टोळ्या पुरवणाऱ्या ठेकेदारांना परवाना सक्तीचा करणारा कायदा झाला. अर्ज भरताना ही माहिती कोरडी वाटते, पण नियमावलीत कामगाराकडून काय घेता येत नाही याची यादी एवढी लांब का आहे, हे तिच्यामुळे समजते.

त्या यादीतील सर्वांत महत्त्वाची गोष्ट अशी की काम मिळवून देण्याबद्दल कामगाराकडून शुल्क घेण्यास ब्रिटनमध्ये मनाई आहे. २०२२ मध्ये इंडोनेशियातून आलेल्या मजुरांनी मायदेशातील दलालांना भरलेल्या रकमा आणि त्यापायी झालेले कर्ज यांच्या बातम्या ब्रिटिश वृत्तपत्रांत आल्या होत्या. भारताच्या बाजूचा कायदा वेगळा आहे. १९८३ च्या उत्प्रवास कायद्यानुसार परदेशी नोकरीसाठी भरती करणाऱ्या एजंटची सरकारकडे नोंदणी असावी लागते आणि तो उमेदवाराकडून जास्तीत जास्त ३०,००० रुपये आणि त्यावरील जीएसटी एवढेच सेवाशुल्क घेऊ शकतो, तेही पावती देऊन. ब्रिटन ‘एमिग्रेशन क्लिअरन्स’, म्हणजे देशाबाहेर कामाला जाण्यासाठीची भारत सरकारची परवानगी, लागणाऱ्या देशांच्या यादीत नाही. त्यामुळे या नोंदणीची इथे गरज नाही, असे काही दलाल सांगतात. ते खोटे आहे. क्लिअरन्स लागत नाही, पण एजंटची नोंदणी लागतेच, आणि ती भारत सरकारच्या ‘ई-मायग्रेट’ संकेतस्थळावर कोणालाही तपासता येते. ऑपरेटरचे नाव ब्रिटिश सरकारच्या यादीत आणि परवान्याच्या सार्वजनिक नोंदवहीत आहे का, हेही घरबसल्या पाहता येते. दोन्हीकडची ही तपासणी एका संध्याकाळीच उरकली. त्यानंतर ‘खात्रीची जागा राखून ठेवतो, आगाऊ रक्कम द्या’ असे सांगणाऱ्या दोघांशी बोलणे थांबवले.

माझ्या ऑपरेटरने मुलाखत व्हिडिओ कॉलवर घेतली. मुलाखत घेणाऱ्या बाईंनी इंग्रजीपेक्षा कष्टाबद्दलच अधिक विचारले: पहाटे उठण्याची सवय आहे का, उकाड्यात तासन्‌तास उभे राहता येईल का, तोडणीचे काम पूर्वी केले आहे का. पुढची कागदपत्रे ठरलेल्या क्रमाने आणि वेळेत आली. करारासोबत हिंदी भाषांतरही होते आणि ते बऱ्यापैकी वाचण्यासारखे होते. व्हिसाचे शुल्क ३१९ पौंड होते. खात्यात १,२७० पौंडांची शिल्लक दाखवण्याची अट असते, पण ऑपरेटरने ती जबाबदारी प्रमाणपत्रात स्वतःवर घेतली असेल तर ती दाखवावी लागत नाही; माझ्या बाबतीत तसेच झाले. या टप्प्यापर्यंतच्या कामाला मी ऑपरेटरला पूर्ण गुण देईन.

विमानाचे तिकीट, व्हिसा शुल्क आणि विमा हा सगळा खर्च मात्र कामगारानेच करायचा असतो. सहा महिन्यांच्या व्हिसाला ब्रिटनचा आरोग्य अधिभार लागत नाही, ही सवलत ऐकायला बरी वाटते. पण अधिभार नाही म्हणजे रुग्णालयातील बहुतेक उपचारांचे बिल आपल्याच नावे येऊ शकते. साध्या डॉक्टरची तपासणी आणि अपघात विभागातील तातडीचे उपचार विनामूल्य असतात, त्यापुढचे नाही. म्हणून प्रवासी विमा घेताना त्यात शारीरिक श्रमाचे काम समाविष्ट आहे का, हे वाचून घ्यावे. स्वस्त विम्यांत ते बहुधा वगळलेले असते.

आता पैशांचा हिशेब, कारण बहुतेक वाचकांना तोच हवा असेल. २०२५ च्या हंगामात किमान वेतन तासाला १२.२१ पौंड होते आणि योजनेच्या नियमानुसार काम असो वा नसो, दर आठवड्याला ३२ तासांचे वेतन देणे शेतमालकाला बंधनकारक होते. म्हणजे आठवड्याला सुमारे ३९० पौंड. त्यातून राहण्याचे पैसे कापले जातात. किमान वेतनाच्या हिशेबात मालकाला दिवसाला १०.६६ पौंडांपर्यंतच घरभाडे धरता येते, म्हणजे आठवड्याला जवळपास ७५ पौंड. आठवड्याला साधारण २४२ पौंडांवरच्या रकमेवर २० टक्के प्राप्तिकर आणि ८ टक्के राष्ट्रीय विमा (सामाजिक सुरक्षेसाठीची सरकारी कपात), असे मिळून चाळीसेक पौंड आणखी जातात. हातात उरतात ते पावणेतीनशेच्या आसपास, आणि त्यातूनच किराणा आणायचा. भरतीच्या जाहिरातीत महिन्याची कमाई म्हणून जो आकडा असतो, तो या सगळ्या कपातींच्या आधीचा आणि भरपूर तास धरून काढलेला असतो. तो खोटा नसतो, पण तेवढ्यावर विसंबून कर्ज काढणाऱ्याचा हिशेब पहिल्या महिन्यातच चुकतो. माझ्या पहिल्या सहा-सात आठवड्यांची बचत जाण्यायेण्याचा खर्च भरून काढण्यातच गेली. म्हणजे ज्याला चारच महिने काम मिळेल, त्याला हा सौदा फारसा परवडणार नाही.

स्ट्रॉबेरीचे काम दिसते तितके सोपे नाही. रोपे कमरेएवढ्या उंचीवरच्या पन्हळींत लावलेली असतात, त्यामुळे वाकावे लागत नाही. पण फळाला बोट न लावता देठ नखाने खुडायचा, वरची हिरवी पाकळी शाबूत ठेवायची आणि फळ डबीत देठ दिसणार नाही असे बसवायचे, हे एका मिनिटात कितीतरी वेळा करायचे असते. प्रत्येक ट्रेवर तोडणाऱ्याच्या क्रमांकाचे लेबल लावतात. मजुरी तोडलेल्या मालाच्या वजनावर ठरत असली, तरी ती तासाच्या किमान वेतनापेक्षा कमी भरली तर मालकाला फरक भरून द्यावा लागतो. हा फरक मिळतो, पण ज्याच्या नावावर तो वारंवार निघतो, त्याला आधी प्रशिक्षणाला बोलावतात, नंतर लेखी ताकीद देतात. पहिल्या तीन आठवड्यांत माझा वेग लक्ष्याच्या खालीच होता. आमचा सुपरवायझर बल्गेरियाचा होता आणि अनेक हंगाम तिथे येत होता. हात कसा फिरवायचा ते त्याने शेजारच्या ओळीत उभे राहून दाखवले, आणि त्याचा उपयोग ऑपरेटरच्या प्रशिक्षण-व्हिडिओंपेक्षा कितीतरी जास्त झाला.

राहण्याची सोय शेतावरच्या स्थिर कॅराव्हॅनमध्ये होती, एका खोलीत दोघे. स्वयंपाकघर बरे, न्हाणीघर लहान. कॅराव्हॅन पत्र्याची असल्याने दुपारी आत थांबवत नसे. ब्रिटनच्या हवामान खात्याने २०२५ चा उन्हाळा नोंदी सुरू झाल्यापासूनचा सर्वांत उष्ण ठरवला, त्याचा अनुभव आम्ही रोपांवर उभारलेल्या प्लास्टिकच्या बोगद्यांसारख्या मांडवांत घेत होतो. उष्णतेच्या लाटेत काम पहाटे लवकर सुरू करून दुपारच्या आत थांबवत. माल एकदम पिकला तेव्हा आठवड्याला ४५ ते ५० तास भरले आणि त्यानंतर जुलैमध्ये फळ ओसरले, तेव्हा ते ३२ वर आले. उद्या कोणत्या गटाला बोलावले आहे, हे आदल्या संध्याकाळी ॲपवर कळे. ज्यांचे नाव नसे त्यांनी थांबायचे.

या लेखातला मुख्य मुद्दा इथून सुरू होतो. ३२ तासांची हमी ही त्या शेतावरच्या नोकरीला जोडलेली आहे, व्हिसाच्या सहा महिन्यांना नाही. शेतमालकाने हंगाम आटोपला म्हणून करार संपवला की त्या दिवशी हमीही संपते. व्हिसाची मुदत शिल्लक असते, पण कामगाराला दुसरीकडे स्वतःहून नोकरी शोधता येत नाही. बदली ऑपरेटरनेच आपल्या दुसऱ्या शेतावर करून द्यावी लागते. ब्रिटनच्या स्थलांतर सल्लागार समितीने जुलै २०२४ च्या अहवालात ही योजना चालू ठेवण्याची शिफारस करताना कामगाराला किमान दोन महिन्यांच्या वेतनाची हमी द्यावी असेही सुचवले होते, ते याच त्रुटीमुळे. म्हणून ऑपरेटर निवडताना विचारण्यासारखा सर्वांत उपयोगी प्रश्न ‘पगार किती’ हा नाही, कारण पगार कायद्यानेच ठरलेला आहे. पहिले शेत लवकर संपले तर बदलीचा अर्ज कुठे करायचा, त्याला उत्तर किती दिवसांत येते आणि ऑपरेटरकडे शरद ऋतूत माल निघणारी शेते आहेत का, हे विचारावे.

माझ्या बाबतीत जुलैच्या मध्यावर शेताच्या कार्यालयाने कळवले की ऑगस्टपासून निम्म्याच माणसांची गरज राहील. मी त्याच दिवशी ॲपवरून बदलीचा अर्ज केला. पहिले उत्तर यंत्राने पाठवलेले होते. पुढचे जवळपास दोन आठवडे कोणीही माणूस म्हणून बोलले नाही. मदतवाहिनीवर रशियन आणि नेपाळी बोलणारे होते, हिंदी समजणारी एकच व्यक्ती आठवड्यातून ठरावीक दिवशीच भेटे. हे मला त्या कंपनीच्या सेवेतील सर्वांत मोठे न्यून वाटते. भरतीच्या वेळी भारतातून माणसे घेताना ज्यांना भाषेची अडचण आली नाही, त्यांना अडचणीच्या वेळी ती यावी, हे पटण्यासारखे नाही. शेवटी ऑपरेटरची कल्याण-अधिकारी शेतावर नेहमीच्या भेटीसाठी आली, तेव्हा मी वेतनचिठ्ठ्या पुढे ठेवून तासांचा हिशेब दाखवला. त्यानंतर चार दिवसांत केंटमधील जागेचा प्रस्ताव आला. बसचे भाडे मी भरले. तो खर्च कोणी करायचा हे करारात लिहिलेले नव्हते, आणि हे कलम करारात असायला हवे होते.

माझ्याबरोबर अर्ज केलेल्या दोघांना जागा मिळाली नाही आणि ते ऑगस्टअखेर परतले. त्यांचा वेग माझ्यापेक्षा चांगला होता. बदली गुणवत्तेवर होते की आधी अर्ज करणाऱ्याला मिळते की जिथे खाट रिकामी असेल तिथे नाव लागते, याचे उत्तर मी विचारूनही ऑपरेटरने दिले नाही. प्रायोजकांसाठीच्या सरकारी अटींत बदलीचा मार्ग स्पष्ट असावा असे आहे. व्यवहारात तो मार्ग आहे, पण रांग दिसत नाही.

सफरचंदाचे काम अंगाला अधिक जड आणि मनाला हलके होते. छातीवर अडकवलेल्या पिशवीत फळ हळुवार ठेवायचे, पिशवी भरली की मोठ्या लाकडी पेटीत तळाशी नेऊन उघडायची; वरून ओतले तर फळाला मार लागतो आणि तो दोन दिवसांनी डाग होऊन दिसतो. तिथे चौघांच्या गटाची मजुरी पेटीवर मोजत. सप्टेंबरभर तास चांगले मिळाले, आणि हंगामाची खरी बचत मी याच बागेत केली.

कर आणि सुट्टीच्या पैशांबद्दल थोडे. न घेतलेल्या सुट्टीचे पैसे शेवटच्या वेतनात मिळायला हवेत. मला ते पहिल्या शेताकडून स्मरणपत्र पाठवल्यावर मिळाले. बावीस वर्षांवरील कामगाराचे नाव निवृत्तिवेतन योजनेत आपोआप घातले जाऊ शकते, आणि महिनाभरात नकार कळवला तर कापलेले पैसे परत मिळतात. देश सोडताना ‘पी-८५’ हा अर्ज भरून जादा कापलेला प्राप्तिकर मागता येतो. हे काम स्वतः करता येते. ‘परतावा मिळवून देतो’ म्हणत टक्केवारी मागणाऱ्या कंपन्यांच्या जाहिराती तिथल्या कामगारांच्या गटांत सतत फिरत असतात. त्यासाठी प्रत्येक वेतनचिठ्ठी आणि नोकरी सोडतानाचा ‘पी-४५’ जपून ठेवावा. माझा अर्ज मंजूर झाला, रक्कम भारतातील खात्यात येण्यास वेळ लागला.

नोव्हेंबरमध्ये नियम बदलला. पूर्वी कोणत्याही १२ महिन्यांत सहा महिने राहता येई, आता कोणत्याही १० महिन्यांत सहा महिने राहता येते, त्यामुळे परत येणाऱ्या कामगाराला मधली प्रतीक्षा कमी झाली आहे. २०२६ साठी फळे-भाज्यांच्या जागा मात्र ४१,००० वर आल्या आहेत. ऑपरेटरने जुन्या कामगारांना पाठवलेला अर्ज मी भरला आहे. पसंतीच्या शेताच्या रकान्यात केंटची बाग लिहिली, आणि सोबतच्या पत्रात विचारले आहे की या वेळी प्रवासाचा खर्च आणि बदलीचा क्रम करारात येणार आहे का. त्याचे लेखी उत्तर आल्यावरच व्हिसाचे शुल्क भरेन.