जुना ओरिजिनल किट की रीइश्यू?

एका मित्राचं अडलंय, एएमटी या अमेरिकन ब्रँडचा साठच्या दशकातला ड्रॅगस्टरचा (सरळ रेषेतल्या शर्यतीच्या गाडीचा) प्लॅस्टिक मॉडेल किट शोधून घ्यावा की आता राउंड टू ही कंपनी एएमटीच्याच नावाने काढते तो रीइश्यू, म्हणजे त्याच किटची नवी आवृत्ती घ्यावी, स्केल दोन्हीचं १/२५ च.

पैशाचं काय सांगायचं, ओरिजिनल म्हणजे कलेक्टर लोकांचा भाव, वर अमेरिकेतून मागवलात तर शिपिंग आणि कस्टम ड्युटी.

खरा घोळ डिकलचा, म्हणजे पाण्यात भिजवून मॉडेलवर चिकटवायच्या चित्रं-नंबरांचा. इतक्या वर्षांत ती पिवळी पडतात आणि पाण्यात सोडली की तुकडे तुकडे होतात, वरून डिकल फिल्म या पारदर्शक लेपाचा एक कोट आधीच दिला तर वाचतात कधीकधी पण भरवसा नाही. टायर त्याहून वाईट, मऊ व्हिनाइल ज्या पार्टला टेकून पडलं असेल तिथलं प्लॅस्टिक विरघळवून खड्डाच पाडतं, आणि तो पार्ट काच असेल तर बोंबला. सीलबंद डब्यात हे दिसणार कसं?

रीइश्यूत डिकल ताजी, टायर नीट. पण साचा बहुतेक वेळा जुनाच, झिजलेला, त्यामुळे कडेला फ्लॅश, म्हणजे जास्तीच्या प्लॅस्टिकचा पातळ पापुद्रा येतो, ब्लेड आणि सँडपेपर घेऊन बसावं लागतं. आणि काही साचे मधे बदलले गेलेत त्यामुळे जुन्या डब्यातला एखादा पार्ट नव्यात सापडतच नाही.

बांधायचाच असेल तर डोळे झाकून रीइश्यू. ओरिजिनल फक्त कपाटात ठेवणाऱ्यांनी, किंवा तो गायब पार्टच हवा असेल त्यांनी घ्यावा, आणि तोही उघडलेला, आतले फोटो मागवून.