कटिबस्ती, अभ्यंग की पोटली? दुखण्याप्रमाणे निवडा

आयुर्वेदिक केंद्रात गेलेले बहुतेक जण डोळे मिटून अभ्यंग, म्हणजे सर्वांगाला तेलाचा मसाज, निवडतात. अंग आंबलंय, झोप नीट लागत नाही, तर तो उत्तमच. पण एकाच जागी धरून बसलेल्या जुन्या कंबरदुखीला आमची पसंती कटिबस्तीला, म्हणजे कमरेवर कणकेचं गोल पाळं करून त्यात गरम तेल धरून ठेवण्याला.

तिचा दर्जा पाळ्यावरून कळतो. उडदाच्या पिठाची कणीक घट्ट मळलेली आणि कातडीला नीट चिकटवलेली हवी, नाहीतर तेल पाठीवरून ओघळतं. तेल सोसवेल इतकं गरम असावं आणि ३० ते ४० मिनिटं तसंच राहावं. त्यासाठी निवलेलं तेल कापसाच्या बोळ्याने टिपून गरम तेल पुन्हा पुन्हा घालावं लागतं. तेल ओतून थेरपिस्ट खोलीबाहेर गेला, तर उपचार अर्धाच झाला. अशा ठिकाणी पुन्हा जाऊ नका. तेल गरम पाण्याच्या भांड्यात ठेवून तापवतात ना, हेही बघा. थेट आचेवर ते फार तापतं आणि चटका बसतो.

सकाळी ताठरणाऱ्या गुडघ्यांना निर्गुडी-एरंडाच्या पानांची पोटली, म्हणजे पानं कापडात बांधून दिलेला गरम शेक, बरी वाटते. गुडघा लाल, सुजलेला, गरम असेल तर मात्र शेक नकोच. पाय मुरगळल्यावर पहिले दोन दिवस चोळू नका, सूज वाढते. एकाच पोटरीला सूज आणि लाली असेल तर मसाज अजिबात नको, आधी डॉक्टर गाठा. रक्ताची गुठळी असू शकते.

ताप असताना किंवा भरल्या पोटी कुठलाच प्रकार घेऊ नये.