ड्राय शीट आणि बाह्यांचं लाळेरं: कोकणातल्या पावसाळ्यात वापरून पाहिलेलं

घर कोकणात असेल, घरात दोन वर्षांच्या आतलं मूल असेल आणि पावसाळा तोंडावर आला असेल, तर ड्राय शीट, म्हणजे गादी भिजू नये म्हणून मुलाच्या अंगाखाली घालायचं कापड, घ्याच. एकीने भागत नाही, निदान तीन घ्या. आमचा धाकटा दीड वर्षाचा आहे, थोरली चार वर्षांची, आणि घर रत्नागिरीच्या जरा बाहेर. इथे जून ते सप्टेंबर तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. धुवायला मशीन आहे, वाळवायला ऊन नाही. पडवीत दोऱ्या बांधल्यात, माजघरात दांडी आहे, पंख्याखाली स्टँड आहे, तरी सकाळी वाळत घातलेले कपडे दुसऱ्या दिवशी हाताला दमटच लागतात आणि त्यांना कुबट वास मारतो. तो वास घालवायला तेच कपडे पुन्हा धुवायचे, म्हणजे धुणं आणखी वाढतं.

लहान मुलांचं धुणं म्हटलं की डोळ्यांसमोर झबली, लंगोट, चड्ड्या येतात. पण ती सगळी मिळून एक बादली होत नाहीत आणि पंख्याखाली रात्रीत वाळतात. खरा भार असतो मुलाच्या अंगाखाली जे असतं त्याचा. रात्री दोन वाजता शू झाली की चड्डी ओली, दुपटं ओलं, चादर ओली, गोधडी ओली, आणि गोधडीतून उतरून गादीला डाग. आमच्या गोधड्या जुन्या नऊवारी साड्यांच्या, चांगल्या चार-पाच थरांच्या. अशी एक ओली गोधडी आमच्या साडेसहा किलोच्या मशीनमध्ये घातली की दुसरं काही मावत नाही. पिळायच्या वेळी सगळं वजन एका बाजूला जातं, मशीन धाडधाड हलायला लागतं आणि मधेच थांबतं. मग ती हाताने पिळायला दोन माणसं लागतात. जुलैत ती वाळायला किती दिवस घेईल ते पावसाच्या मर्जीवर. कापसाची गादी तर धुताच येत नाही. ती भिंतीला टेकवून पंखा लावायचा आणि वाट पाहायची.

म्हणून धुणं कमी करायचं तर एक धोरण ठरवलं: जे ओलं होणारच आहे ते पातळ असलं पाहिजे, आणि जाड आहे ते कोरडं राहिलं पाहिजे. ड्राय शीट हे काम करते का, एवढंच मी पाहिलं.

पूर्वी याला मेणकापड होतं. आमच्या घरी थोरलीच्या वेळचं हिरवं मेणकापड अजून आहे. पाणी त्यातून जात नाही हे खरं, पण ते पाण्याला धरूनही ठेवत नाही. शू कापडावरून ओघळते, खोलगट भागात साचते, नाहीतर कडेला जाऊन गोधडीत उतरते. वरचं दुपटं सरकलं की मुलाची पाठ थेट रबराला लागते, घाम येतो, मे महिन्यात घामोळं उठतं. सासूबाईंनी आपली मुलं त्यावरच वाढवली. पावसाळ्यात शेगडीवर डालगं उपडं घालून त्यावर लंगोट वाळवायचे, असं त्या सांगतात. नवी शीट आणली तेव्हा त्यांनी हात फिरवून पाहिला, उलटी करून पाहिली आणि म्हणाल्या, "अगो, हे अंगाला चिकटत नाही की!" फरक नेमका तिथेच आहे.

शीटची वरची बाजू मऊ लोकरीसारखी असते. ते पॉलिस्टरचं फ्लीस. त्याचा धागा स्वतः पाणी जवळजवळ पीत नाही. पाणी धाग्यांच्या मधल्या जागेत शिरून खाली उतरतं आणि तिथे राहतं. पाठीमागे पॉलियुरेथेनचा पातळ पडदा चिकटवलेला असतो, तो पाणी पलीकडे जाऊ देत नाही. घरी आणल्यावर मी ती जेवणाच्या टेबलावर पसरली, खाली वर्तमानपत्र घातलं आणि वर वाटीभर पाणी ओतलं. आधी पाणी थेंबाथेंबांनी वरच उभं राहिलं. तळवा ठेवून दाबलं तसं ते आत गेलं आणि तळव्याएवढा भाग गडद झाला. पाचेक मिनिटांनी शीट उचलली तर खालचं वर्तमानपत्र खडखडीत. वरून हात लावला तर ओलसर गार लागत होतं, पण हाताला पाणी लागलं नाही.

"कोरडी" हा शब्द मात्र पाकिटावर जरा सैल हाताने छापलेला असतो. मूल ओलं होतंच, त्याला बदलावं लागतंच. दीड वर्षाच्या मुलाची रात्रभराची शू एका जागी झाली तर वरचा भाग चांगलाच भिजतो. शीट मुलाला कोरडं ठेवते असं समजून घेऊ नका. ती गादी कोरडी ठेवते, आणि त्यासाठी ती पैन् पै वसूल आहे.

मापाचं नीट पाहा. दुकानात साधारण ५० बाय ७० सेंटिमीटर, ७० बाय १०० आणि १०० बाय १४० अशी मापं मिळतात. सगळ्यात लहान माप तान्ह्या बाळाला आणि प्रवासात मांडीवर घ्यायला ठीक. मधलं माप मूल पालथं पडायला लागेपर्यंत पुरतं. पुढे मूल रात्रीतून गादीच्या या टोकाहून त्या टोकाला जातं आणि नेमकं शीट नसते तिथे शू करतं, म्हणून मोठंच माप घ्या आणि ते गादीवर आडवं घाला, दोन्ही बाजू गादीखाली खोचून. बाळ अगदी तान्हं असेल तर शीट ताणून सपाट बसली पाहिजे, तोंडाजवळ सुटा कोपरा किंवा सुरकुती नको.

रात्रीसाठी आम्ही थर घालतो. गादीवर शीट, तिच्यावर पातळ सुती चादर, त्यावर दुसरी शीट, आणि सगळ्यात वर मऊ झालेल्या जुन्या साडीचं दुपटं. रात्री ओलं झालं की वरचं दुपटं आणि शीट एकत्र उचलायची आणि बादलीत टाकायची, खाली अंथरूण तयारच असतं. दिवा लावावा लागत नाही, थोरली उठत नाही, अर्ध्या झोपेतसुद्धा जमतं. सकाळी धुवायला निघतं ते एक पातळ दुपटं आणि एक हलकी शीट. नऊवारीच्या गोधड्या पावसाळा संपेपर्यंत कपाटात कोरड्या राहतात.

फ्लीस गरम पडतं. एप्रिल-मेमध्ये त्यावर सुती दुपटं नसेल तर मुलाची पाठ भिजते, तेव्हा ते घालाच. ते रोज धुवावं लागतं, पण साडीचं कापड पावसातही पंख्याखाली काही तासांत वाळतं, त्यामुळे त्याचं ओझं वाटत नाही.

धुण्याची रीत पाळली तर शीट टिकते. ओली झाली की आधी साध्या गार पाण्यातून काढायची, मगच साबण. तशीच बादलीत पडून राहिली तर अमोनियाचा वास बसतो आणि तो निघायला कठीण. फॅब्रिक कंडिशनर अजिबात नको. त्याचा थर धाग्यांवर बसतो आणि पाणी आत शिरण्याऐवजी वरून ओघळतं. उकळतं पाणी नको, ब्लीच नको, पाठीमागच्या बाजूला ब्रश नको, इस्त्री तर नकोच. उष्णतेने पडदा सुटतो. माझी एक शीट, ऑनलाइन मागवलेली, सगळी काळजी घेऊनही काही महिन्यांत पाठीमागून सोलायला लागली आणि पापुद्रे निघाले. विकणाऱ्याने बदलून दिली नाही. त्यानंतर मी दुकानात हात लावून घेते. रत्नागिरीत राम आळीत लहान मुलांच्या कपड्यांच्या दुकानांत मिळतात, तिथे उघडून दाखवतात. कोपरा चुरगाळून पाहा: पडदा कापडासोबत मऊपणे दुमडला पाहिजे, कागदासारखा कडकड वाजता कामा नये. मधोमध शिवण किंवा नक्षीचे टाके असतील तर घेऊ नका, सुईच्या प्रत्येक भोकातून पाणी झिरपतं. शिवण फक्त कडेला असावी.

डायपरने हे सगळं वाचत नाही का, असं बहिणीने विचारलं होतं. आम्ही प्रवासात डायपर वापरतो. पण रात्रभराचं डायपरही मांडीच्या बाजूने गळतं, आणि अंथरूण ओलं व्हायचं ते होतंच. शिवाय घनकचरा नियमांप्रमाणे वापरलेलं डायपर गुंडाळून वेगळं द्यायचं असतं. आमच्या वाडीत ते न्यायला कोणी येत नाही. रोजची चार-पाच डायपर कुठे टाकायची? परसात पुरायला माझं मन घेत नाही.

आता बाह्यांचं लाळेरं. हे रेनकोटच्या जातीच्या पातळ कापडाचं असतं, पुढून घालून पाठीमागे बांधायचं, मनगटाला इलॅस्टिक, खाली खिसा. मूल हाताने जेवायला लागलं की घ्या. सिलिकॉनचं लाळेरं सहा-आठ महिन्यांच्या बाळाला छान, त्याच्या खिशात सांडलेलं पडतं, पण बाह्या उघड्या राहतात. आमचा धाकटा वरणभातात कोपरापर्यंत हात घालतो.

वरणाचं इतकं मनावर घेते ते हळदीमुळे. हळदीचा डाग पडला आणि धुण्याचा साबण लावला की तो लाल होतो, कारण साबणाच्या क्षाराने हळदीचा रंग पालटतो. धुतल्यावर परत पिवळा होऊन राहतो. त्याला खरा उतारा म्हणजे ऊन. उन्हात हळदीचा रंग विरतो, मार्चमध्ये डागाचं झबलं अंगणात टाकलं की संध्याकाळपर्यंत फिकं पडतं. जुलैत ऊन कुठून आणणार? तो डाग दसऱ्यापर्यंत तसाच, आणि प्रत्येक धुण्यात आपण त्याला घासत बसतो, कापड विरेपर्यंत. नाचणीचं सत्त्व त्यापेक्षा बरं, पण ते वाळून खरखरीत होतं आणि मग भिजत घालावं लागतं. बाह्यांच्या लाळेऱ्यावर हे दोन्ही नळाखाली धरलं की निघून जातं. झटकून स्वयंपाकघरातल्या खुंटीला अडकवायचं, पुढच्या जेवणापर्यंत कोरडं. पूर्वी दुपारच्या आणि रात्रीच्या जेवणानंतर सदरा बदलावा लागायचा, तो आता फक्त आंघोळीला बदलतो.

मनगटाचं इलॅस्टिक आधी ओढून पाहा. आमच्याकडच्या एकाचं इतकं घट्ट होतं की हातावर वळ उठायचे, ते मी उसवून सैल केलं. गळ्याला नाडीपेक्षा वेल्क्रो सोयीचं, पण मशीनमध्ये टाकताना वेल्क्रो बंद करून टाका, नाहीतर ते दुसऱ्या कपड्यांचे धागे ओढतं. आणि उन्हाळ्यात हे लाळेरं घालूच नका, आत घामाने आंघोळ होते. मे महिन्यात आम्ही धाकट्याला उघड्या अंगाने जेवायला बसवतो आणि नंतर ओल्या फडक्याने पुसतो. त्याला काही खर्च नाही आणि धुणंही नाही.

पैसे बेताचे असतील तर आधी मोठ्या मापाच्या दोन शीट्स, मग तिसरी, मग लाळेरं. आणि खरेदी मेमध्ये उरका. नवं फ्लीस सुरुवातीला पाणी नीट आत घेत नाही, दोन-तीनदा धुतल्यावर घ्यायला लागतं, आणि ती धुणी पाऊस लागायच्या आत झालेली बरी.