'श्यामची आई' की 'दो बीघा जमीन': १९५३ च्या दोन मानकऱ्यांपैकी आधी कोणता पाहाल?

जुने पुरस्कारप्राप्त चित्रपट ओळीने पाहायचे असं मनावर घेतलं की यादीच्या तोंडाशीच हे दोघं भेटतात. १९५३ च्या चित्रपटांना सरकारने पहिल्यांदा पारितोषिकं दिली, तेव्हा राष्ट्रपतींचं सुवर्णपदक आचार्य अत्र्यांच्या 'श्यामची आई'ने पटकावलं आणि बिमल रॉय यांच्या 'दो बीघा जमीन'ला गुणवत्तेचं प्रशस्तिपत्र मिळालं. त्याआधी काही महिने, मार्च १९५४ मध्ये, मुंबईच्या मेट्रो थिएटरात फिल्मफेअरचा पहिला सोहळा झाला होता. तिथे उत्कृष्ट चित्रपट आणि दिग्दर्शन हे दोन्ही मान 'दो बीघा'कडे गेले. वाचकांनी मतं देऊन ठरवलेली ती हिंदी चित्रपटांची स्पर्धा होती, त्यामुळे 'श्यामची आई' तिथे रिंगणातच नव्हती. पुढे कानच्या महोत्सवातही 'दो बीघा'चा गौरव झाला.

पण बक्षिसं मोजून निवड करायला जाऊ नका. फिल्मफेअरच्या त्या पहिल्या वर्षी पुरस्कार होते जेमतेम पाच, आणि अभिनयाचा मान गेला 'दाग'साठी दिलीपकुमारला. दिलीपकुमारबद्दल कुणाची तक्रार असायचं कारण नाही, पण 'दो बीघा'तला बलराज साहनी पाहिल्यावर ही यादी पुन्हा वाचा आणि काय वाटतं ते बघा. शिवाय 'दाग' काय किंवा मीनाकुमारी आणि नौशाद यांना मान मिळवून देणारा 'बैजू बावरा' काय, दोन्ही १९५२ मधले. तेव्हाचं 'वर्ष' असं सैलसर होतं.

माझ्या मते खरी तुलना कर्जाची आहे. दोन्ही गोष्टींत घराला देण्याने ग्रासलंय. कोकणातल्या श्यामचे वडील खोताच्या घराण्यातले. वैभव ओसरलेलं, दारात सावकाराचा तगादा. 'दो बीघा'चा नायक शंभू महतो (बलराज साहनी) हा बिगारी शेतकरी नव्हे, दोन बिघ्यांचा मालक. जमीनदाराला तिथे गिरणी उभारायचीय. मात्र अत्र्यांचा कॅमेरा (आणि मुळात साने गुरुजींची लेखणी) बघतो, त्या ओढाताणीतही आईचं मन कसं ताठ राहिलं ते. बिमल रॉय सरळ हिशेबाची वही उघडतात.

आणि खरंच उघडतात. शंभूच्या डोक्यात कर्ज आहे ६५ रुपयांचं. बायकोच्या कानातल्यांपासून घरातलं किडूकमिडूक विकून तो तेवढे गोळा करतो आणि वाड्यावर जातो. वहीत आकडा निघतो २३५. अंगठे याचेच. कोर्ट तीन महिन्यांची मुदत देतं, आणि हा कलकत्त्याला रिक्षा ओढायला निघतो. तिथला शर्यतीचा प्रसंग चुकवू नका: पुढच्या रिक्षातल्या बाईला गाठायचं म्हणून मागचं गिऱ्हाईक पैसे वाढवत जातं, शंभू धावत राहतो, शेवटी चाक निखळतं. एकही भाषण नाही. साहनींनी या भूमिकेसाठी कलकत्त्यात रिक्षा ओढण्याचा सराव केला होता. ते पायांत दिसतं. शंभूच्या वडिलांच्या भूमिकेत आपले नाना पळशीकर आहेत. सलील चौधरींची गाणी एवढ्या काळोखातही हिरवीगार आहेत, विशेषतः पहिल्या पावसाचं.

'श्यामची आई' वेगळ्या चालीचा. अडीच तासांचा, बराचसा घरात घडणारा, संवादांवर उभा. अत्रे नाटककार होते हे लपत नाही. आजच्या डोळ्यांना काही प्रसंग लांबलेले वाटतात, उपदेश थेट कानात ओतलाय असंही वाटतं. तरी आईच्या भूमिकेत वनमाला येतात तिथे चित्रपट सावरतो. 'सिकंदर'सारख्या भरजरी चित्रपटातली ही नायिका इथे साध्या लुगड्यात आहे आणि तिने कुठेही रडारड केलेली नाही. न्हाऊन झाल्यावर तळव्यांना माती लागेल म्हणून श्याम अडून बसतो, ती ओलेता पदर पसरते, पाय त्यावर ठेवायला सांगते आणि मग मनाच्या मळाचं ऐकवते. हा प्रसंग पाठ्यपुस्तकातून इतका झिजलाय, तरी माधव वझे या पोराचा हट्टी चेहरा पाहून तो पुन्हा खरा वाटतो. वसंत देसाईंचं 'भरजरी गं पितांबर' तर अनेक घरांत चित्रपटाशिवायही गुणगुणलं जातं.

आता निवडीचं. एकच संध्याकाळ हाताशी असेल आणि घरात कॉलेजातली मुलं असतील, तर बेधडक 'दो बीघा'. तो आटोपशीर आहे आणि जमीन, प्रकल्प, शहराकडची धाव हे सगळं त्यांना नव्याने समजावावं लागणार नाही. आजी-आजोबा सोबत बसणार असतील तर 'श्यामची आई', पण मध्ये एक चहा होऊ द्या. सहा-सात वर्षांच्या मुलांना मात्र 'संस्कारांचा सिनेमा' म्हणून त्याच्यासमोर बसवू नका. त्यात आई जाते, आणि ते हळुवारपणे उरकलेलं नाही.

दोन्ही बघणारच असाल तर माझा क्रम असा: आधी 'दो बीघा', आठवड्याभराने 'श्यामची आई'. कर्जाची वही डोळ्यांसमोर ताजी असली की श्यामच्या घरातला सावकार निव्वळ आईची परीक्षा घ्यायला आलेला वाटत नाही. उलट क्रमाने पाहिलं तर हा धागा मायेच्या पुरात वाहून जातो.

शोधताना एवढं बघा: 'श्यामची आई' नावाचा २०२३ मधलाही चित्रपट आहे, सुजय डहाके यांचा, आणि तोही कृष्णधवल. नुसत्या चित्रावर जाल तर फसाल. वनमालांचं नाव आहे ना, ते तपासा. 'दो बीघा'ची दुरुस्त केलेली नवी प्रत २०२५ मध्ये व्हेनिसच्या महोत्सवात दाखवली गेली. ती जवळपास कुठे पडद्यावर लागली, तर घरच्या टीव्हीवरचा बेत तेवढा पुढे ढकला.