डबल्स स्क्वॉशच्या टूर्नामेंटले बचत गटाचं जेवण: पाचपैकी साडेचार

डिसेंबरात आमच्या चंद्रपूरकडच्या खाण कॉलनीच्या क्लबात विभागीय डबल्स स्क्वॉश (बंद कोर्टात रॅकेटनं भिंतीवर बॉल मारायचा खेळ, डबल्समध्ये दोन-दोन जणांच्या जोड्या) झाली, जेवणाचं काम बाजूच्या गावातल्या महिला बचत गटाले दिलं होतं. कोणाले ऑर्डर द्यायची असंन तर बिनधास्त द्या भाऊ.

नाश्त्याले तर्री-पोहे, पण तर्री वेगळ्या गंजात, म्हणजे पातेल्यात. हे मले लय आवडलं, कारण ज्याची मॅच अर्ध्या तासावर हाय त्यानं नुसते पोहे खावे, तर्री मॅच झाल्यावर. डबल्सचा कोर्ट खरा सिंगल्सपेक्षा रुंद पाहिजे, आमचा सिंगल्सचाच, ६.४० मीटरचा, त्यात चार जण पळणार, पोट जड असून कसं भागंन? एका मॅचमध्ये तर दोघं पार्टनर "तुझा, तुझा" करत उभेच राहिले अन् बॉल मधून निघून गेला, गॅलरीत चहा घेऊन आलेली ताई वरून ओरडली, "अवं घ्या ना कोणीतरी!" अंपायरले पण हसू आवरलं नाही.

सकाळच्या थंडीत डबल पिवळ्या ठिपक्याचा बॉल उसळेच ना. तो सगळ्यात कमी उसळणारा, रबर गरम झालं का मगच त्यात जीव येते, पोरं भिंतीवर मारून मारून थकली. बचत गटातल्या एक काकू म्हणाल्या "आना इकडं" अन् दोन-तीन बॉल फडक्यात गुंडाळून गरम भाकरीच्या टोपल्यात ठेवले. रेफरीनं दाबून पाहिला, चालते म्हणाला. दुपारी त्यातलाच एक राहून गेलेला बॉल भाकरीसोबत एका कोचच्या ताटात आला! चाळीस मिलिमीटरचा काळा गोळा, त्यांनी मोठ्या आदरानं विचारलं, हे कशाचं हाय ताई?

जेवण मात्र खरंच एक नंबर. ज्वारीची भाकर, जवसाची चटणी, वरण-भात अन् सोले-वांगे, सोले त्याच दिवशी शेतातून तोडून आणलेले, ओल्या तुरीचा तो गोडवा मसाल्यात कुठंच दबला नव्हता, तेलही बेताचंच. वाढताना पोरींनी मोबाईलवर भारताच्या स्क्वॉश खेळाडू दीपिका पल्लीकल अन् जोशना चिनप्पाचं डबल्सचं २०१४ चं ग्लासगोचं कॉमनवेल्थ गोल्ड दाखवलं तर ताईंचा पहिला प्रश्न, "ह्या दोघी मॅचआधी काय खात असतील वं?" अन् दुसऱ्या दिवशी खेळणाऱ्यांसाठी केळी अन् गूळ-फुटाणे आपल्या मनानंच आणून ठेवले, वेगळे पैसे पण नाही घेतले. असं कोण करते?

शेवटच्या दिवशी गोवरीवर भाजलेले रोडगे (कणकेचे जाड गोळे), वरून तुपाची धार. फायनलवाले खेळायच्या आधीच वासावर तिथं जाऊन बसले, त्यांना उठवून कोर्टात न्यावं लागलं.

अर्धा मार्क चहाचा कापला, लय गोड होता. हात धुवाले नळही एकच, पण तो क्लबचा, त्यात त्यांचा काय दोष.

रोडगे पाहिजे असतीन तर आदल्या दिवशीच सांगा, गोवऱ्या जमवाव्या लागतात. अन् चहात साखर कमी, हे पण तेव्हाच सांगून ठेवा.