जुना मिंक कोट, एका हिवाळ्यानंतर: केस शाबूत, बगल फाटली

ऊब आणि चमक यांबद्दल जे ऐकलेलं असतं ते खरं आहे. मिंक पाणमांजराच्या कुळातला, पाण्यात शिकार करणारा प्राणी. वरचे लांब तेलकट केस पाणी अडवतात, खालची दाट लव हवा धरून ठेवते. भुरभुर बर्फ पडला तर कोट झटकायचा, झालं काम. नवा घ्यायचा नव्हताच. एका लांब कोटाला पन्नासेक जनावरं लागतात, आणि 2020 मध्ये डेन्मार्कने कोरोनाच्या धास्तीने दीड कोटीहून जास्त मिंक मारले, ते वाचल्यावर तर नाहीच.

आता बगल. तिसऱ्या महिन्यात उजवी बगल चार बोटं फाटली. शिवण कच्ची म्हणून आधी विकणाऱ्याला शिव्या. अस्तर उसवलं तर टाके जागच्या जागी, त्यांच्या कडेचं कातडं मात्र पापडासारखं तुटलेलं. लांब कोटात एकेक कातडं तिरक्या बारीक पट्ट्यांत कापून, पट्ट्या खाली सरकवत पुन्हा शिवतात. कातड्याला मऊ ठेवणारं तेल उष्णतेने गेलं, की सुईच्या भोकांच्या रांगेवर ते पोस्टाच्या तिकिटासारखं सुटतं. हात वर केला की सगळा ताण तिथेच. तेव्हा शिव्या परत. चूक केस बघून कोट घेण्याची.

बहुतेक कोटांचं अस्तर खालच्या कडेला मोकळं असतं. तिथून हात घालून कातडं चिमटीत चोळा. हातमोज्यासारखं मऊ लागलं तर घ्या. कागदासारखं कुरकुरलं तर चमक कितीही असो, ठेवून द्या.

दुरुस्ती आतून करायची. फाटक्या कडा लागल्यास ब्लेडने, कातड्याच्या बाजूनेच सरळ करा. कात्री लावली की केसही कापले जातात. केस बाहेरच्या, सुलट बाजूला ढकलत, चामडं शिवायच्या तीन धारी सुईने कडा जोडा. टाके फार जवळ नकोत, नाहीतर नवं तिकीट तयार. मागे सुती पट्टी शिवा म्हणजे ताण पट्टी घेईल. चिकटपट्टी नको, इस्त्री तर मुळीच नको, कातडं आक्रसतं.

ठेवताना रुंद खांद्याचा हँगर, सुती खोळ, सुमारे 10 अंश सेल्सियस आणि 50 टक्के आर्द्रता. प्लास्टिकमध्ये कोंडू नका. भिजला तर हवेत वाळवा, हीटरजवळ नाही. अत्तरातलं अल्कोहोलही कातडं सुकवतं. कसर लागू नये म्हणून डांबरगोळ्या टाकाल तर वास महिनोन्‌महिने जात नाही. साध्या ड्रायक्लीनिंगलाही देऊ नका. फर साफ करणारे लाकडाच्या भुशात, फिरत्या पिंपात साफ करतात.

पाचपैकी चार तारे. पाचवा बगलेने खाल्ला. डावी अजून शाबूत आहे, पण तिला पट्टी आधीच लावून टाकली.