अंदमान की लक्षद्वीप : बेटांवरची सुट्टी ठरवण्यापूर्वी

बेटांवर सुट्टीला जायचा विषय निघाला की मराठी घरांत हल्ली दोन नावे हमखास पुढे येतात, अंदमान आणि लक्षद्वीप. दोन्ही केंद्रशासित प्रदेश आहेत, दोन्हींचे अक्षांश जवळजवळ सारखे आहेत आणि पांढरी वाळू, निळेहिरवे पाणी व प्रवाळ दोन्हीकडे आहेत. त्यामुळे नुसती छायाचित्रे पाहून निवड होत नाही आणि शेवटी ज्याचे पॅकेज स्वस्त पडते त्याची आगाऊ रक्कम भरली जाते. माझ्या मते निवड करताना आधी बरोबर येणाऱ्या माणसांचा विचार करावा, त्यांना दिवसभर काय करायला आवडते ते पाहावे आणि रजेच्या तारखा गरज पडल्यास किती ताणता येतील याचा अंदाज घ्यावा. एवढे केले तरी दोहोंपैकी एक ठिकाण बहुधा मागे पडते.

मूळ फरक जमिनीचा आहे. अंदमानची बेटे म्हणजे समुद्रात बुडालेल्या एका डोंगररांगेची वर राहिलेली शिखरे असून ती म्यानमारच्या आराकान पर्वताचीच पुढची ओळ आहे. उत्तर अंदमानातले सॅडल पीक ७३० मीटरहून उंच आहे. म्हणून तिथे घनदाट सदाहरित जंगल आहे, खारफुटीच्या खाड्या आहेत, शेती आहे, नांदते शहर आहे आणि मोटारीने तासन्‌तास जाता येईल असे रस्ते आहेत. लक्षद्वीप मात्र प्रवाळांनी घडवलेले आहे. तिथल्या ३६ बेटांचे एकूण क्षेत्रफळ अवघे ३२ चौरस किलोमीटर आहे, वस्ती १० बेटांवरच आहे आणि जमीन समुद्रसपाटीहून जेमतेम काही मीटर वर आहे. डोंगर नाही, नदी नाही. आहे ती नारळाची दाटी, बेटाबाहेरची प्रवाळाची भिंत आणि त्या भिंतीच्या आत पसरलेले उथळ, संथ पाणी. या पाण्याला सगळे जण लगून म्हणतात आणि लक्षद्वीपला जायचे ते मुख्यतः त्याच्यासाठी. ज्याला दोन दिवसांनंतर ‘आता आणखी काय पाहायचे?’ असे वाटू लागते, त्याने हा फरक नीट लक्षात घ्यावा.

पोहोचणे आणि परवाना

पोर्ट ब्लेअरचे अधिकृत नाव सप्टेंबर २०२४ पासून श्री विजयपुरम झाले असले, तरी बोलण्यात जुने नाव अजून सर्रास चालते. मुंबई-पुण्याहून तिथे बहुधा चेन्नई, कोलकाता किंवा बंगळुरूमार्गे विमानाने जावे लागते. भारतीय नागरिकांना पोर्ट ब्लेअर, हॅवलॉक आणि नील या नेहमीच्या ठिकाणांसाठी परवाना लागत नाही. हॅवलॉकचे नाव २०१८ मध्ये स्वराज द्वीप आणि नीलचे शहीद द्वीप झाले आहे. तिकिटावर ही नावे दिसली तर गोंधळून जाऊ नये. निकोबारची बेटे मात्र सामान्य पर्यटनासाठी खुली नाहीत.

लक्षद्वीपला बाहेरून येणाऱ्या भारतीयालाही प्रवेशाचा परवाना लागतो. अर्ज ऑनलाइन करता येतो आणि नोंदणीकृत आयोजकामार्फत किंवा शासकीय पर्यटन संस्थेच्या सहलीतून जात असाल तर बरेचसे काम तेच करून देतात; तरीही कागदपत्रांसाठी काही आठवडे हाताशी असावेत. विमानतळ एकच, तो अगत्ती बेटावर. धावपट्टी आखूड असल्यामुळे तिथे लहान विमानेच उतरतात, त्यांतल्या जागा मोजक्या असतात आणि सामानाची मर्यादाही कडक असते. मुख्य मार्ग कोचीचा आहे. २०२४ पासून गोवा आणि बंगळुरूहूनही सेवा सुरू झाल्या, पण वेळापत्रक बदलत असल्याने ते ऐन वेळी तपासूनच पुढचे बेत करावेत. दुसरा मार्ग कोचीहून जहाजाचा असून बेटानुसार त्याला १४ ते १८ तास लागतात.

यातून आरक्षणाचा क्रम ठरतो आणि तो दोन्हीकडे उलटा आहे. अंदमानसाठी विमानाचे तिकीट आधी काढावे, लगेच हॅवलॉक-नीलच्या बोटींच्या जागा राखाव्यात आणि त्यानंतर हॉटेले ठरवावीत, कारण खोल्या मुबलक असतात पण सोयीच्या वेळेच्या बोटी गर्दीच्या दिवसांत भरून जातात. लक्षद्वीपसाठी राहण्याची जागा आणि परवाना आधी, तिकीट नंतर. स्वस्त मिळाले म्हणून अगत्तीचे तिकीट आधी काढून ठेवणे आणि मग खोली शोधत बसणे हा हमखास मनस्ताप आहे.

समुद्रावरचा प्रवास

पोर्ट ब्लेअरहून हॅवलॉकला जाणाऱ्या खासगी बोटी वातानुकूलित असतात आणि साधारण दीड ते दोन तासांत पोहोचवतात. सरकारी बोट सावकाश जाते, पण स्वस्त असते आणि तिच्यात उघड्यावर उभे राहता येते. ज्यांना बोट लागते त्यांच्यासाठी ही मोठीच सोय आहे, कारण बंद काचेमागे बसून हेलकावे सोसण्यापेक्षा मोकळ्या वाऱ्यात क्षितिजाकडे पाहत राहिलेले बरे वाटते. उलटीची गोळी डॉक्टरांना विचारून बोट सुटण्यापूर्वी अर्धा-पाऊण तास घ्यावी. मळमळ सुरू झाल्यावर घेतलेली गोळी फारशी उपयोगी पडत नाही. चढणे-उतरणे धक्क्यावरून होते, त्यामुळे आधार दिला तर ज्येष्ठ मंडळीही सहज जातात.

लक्षद्वीपच्या जहाजाचे तसे नाही, आणि घरात वयस्कर माणसे असतील तर इथे थांबून विचार करावा. प्रवाळाची भिंत आणि उथळ लगून यांमुळे अनेक बेटांवर मोठे जहाज किनाऱ्याला लागतच नाही. ते बाहेर खोल पाण्यात थांबते आणि एक लहान बोट त्याच्या कुशीला येते. जहाजाच्या पोटातल्या उघड्या दारात उभे राहायचे. खालची बोट लाटेबरोबर वर येते, क्षणभर पातळीत राहते आणि पुन्हा खाली जाते. ती वर असतानाच खलाशाने दंड धरून सांगितले की पाऊल टाकायचे. ते खलाशी या कामात अतिशय तरबेज असतात आणि धडधाकट माणसाला यात भीती बाळगण्यासारखे काही नाही, पण गुडघ्याची शस्त्रक्रिया झालेल्या किंवा तोल सांभाळू न शकणाऱ्या माणसाला ते पाऊल अवघड जाते. शासनाच्या ‘समुद्रम’ सहलीत रात्री जहाजावर आणि दिवस कवरत्ती, कल्पेनी, मिनिकॉय या बेटांवर असा क्रम असतो, म्हणजे ही चढउतार रोजचीच होते. अशा वेळी विमानाने अगत्तीला जाऊन तिथेच राहणे हा त्यातल्या त्यात सोपा पर्याय आहे.

शाळेच्या सुट्ट्या आणि हवामान

दोन्हीकडचा उत्तम काळ डिसेंबरअखेर ते मार्च हा आहे, पण मुलांच्या शाळा असलेल्या घरांना दिवाळी, नाताळ आणि उन्हाळा एवढेच पर्याय उरतात. दिवाळीच्या सुमारास अंदमानात ईशान्य मोसमी पाऊस असतो आणि ऑक्टोबर ते डिसेंबर हा बंगालच्या उपसागरातल्या चक्रीवादळांचाही काळ आहे. दर वर्षी तडाखा बसतोच असे नाही. मात्र समुद्र खवळला की बंदर प्रशासन बोटी थांबवते आणि हॅवलॉकवरचा माणूस हॅवलॉकवरच राहतो. त्या मानाने लक्षद्वीपचा समुद्र नोव्हेंबरमध्ये बराच निवळलेला असतो. नाताळात दोन्हीकडे हवा छान असते, दर मात्र चढे असतात. उन्हाळ्यात एप्रिलचा उत्तरार्ध आणि मेचा पहिला आठवडा धरावा. अंदमानात नैर्ऋत्य मोसमी वारे मेच्या तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात पोहोचतात, आणि लक्षद्वीपच्या पर्यटक जहाजांचा हंगामही मेच्या मध्यापर्यंत संपत येतो.

एक गोष्ट सहसा कुणी सांगत नाही. अंदमान मुंबईच्या पूर्वेला सुमारे २० रेखांश आहे आणि घड्याळ तेच भारतीय प्रमाणवेळेचे, त्यामुळे तिथला सूर्य मुंबईपेक्षा सुमारे ८० मिनिटे आधी चालतो. डिसेंबरात संध्याकाळी पाचच्या सुमारास सूर्य मावळतो. सावकाश नाश्ता करून अकराला बाहेर पडणाऱ्या कुटुंबाच्या हाती दिवस उरतच नाही. तिथे पहाटे पाचला उठायची तयारी हवी. अगत्ती जवळजवळ मुंबईच्याच रेखांशावर असल्यामुळे लक्षद्वीपचा दिवस आपल्या सवयीचा वाटतो.

पाण्यात काय, पाण्याबाहेर काय

पोहता न येणारे, लहान मुले आणि पाण्याची धास्ती असलेले लोक यांच्यासाठी लक्षद्वीपचे लगून अंदमानपेक्षा निःसंशय सरस आहे. छातीइतक्या पाण्यात उभे राहून काचेचा मुखवटा लावावा, मान खाली घालावी, तर रंगीत मासे पायांजवळून जाताना दिसतात. बंगारम, तिन्नकरा आणि कदमत या बेटांवर दिवसचे दिवस यातच जातात. अंदमानात स्नॉर्केलिंगसाठी हॅवलॉकचा एलिफंट बीच आणि नीलचा भरतपूर किनारा चांगले आहेत. हॅवलॉकवर स्कूबा शिकवणाऱ्या केंद्रांची संख्याही मोठी आहे, त्यामुळे प्रशिक्षकाशी बोलून, उपकरणे पाहून निवड करता येते. दमा, हृदयविकार किंवा कानाचा त्रास असेल तर तो अर्जात लपवू नये.

अंदमानात भरती-ओहोटीचा विचार अधिक करावा लागतो. नीलवरचा नैसर्गिक खडकी पूल ओहोटीलाच नीट पाहता येतो. पाणी उतरलेले असताना खडकांतल्या डबक्यांत खेकडे आणि समुद्रकाकड्या दिसतात. कोकणातल्या माणसाला हे सांगायला नको, पण अमावास्या-पौर्णिमेला ओहोटी सर्वांत खोल जाते, तेव्हा जमल्यास तिथी पाहून नीलचा दिवस ठरवावा. काही किनाऱ्यांवर आणि खाड्यांत खाऱ्या पाण्यातल्या मगरींचा वावर आहे. फलक लावलेला असेल तिथे पाण्यात उतरू नये, आणि स्थानिक माणूस नको म्हणाला तर तो का म्हणतो याची चर्चाही करू नये.

पाण्याबाहेर मात्र तुलनाच होत नाही. लक्षद्वीपमध्ये कवरत्तीच्या जुन्या मशिदी आणि मिनिकॉयचे १८८५ सालचे दीपगृह आवर्जून पाहावे, पण त्यापुढे पाहण्यासारखे फार नाही. अंदमानात सेल्युलर जेल आहे, आणि माझ्या लेखी मराठी माणसाने अंदमानला एकदा तरी जाण्याला तेवढे एक कारण पुरेसे आहे. १९०६ मध्ये पूर्ण झालेल्या या तुरुंगाच्या, मधल्या मनोऱ्यापासून फुटलेल्या सात इमारतींपैकी तीनच आता उभ्या आहेत. एकीच्या कोठड्यांची दारे पुढच्या इमारतीच्या पाठभिंतीकडे तोंड करून आहेत, म्हणजे शेजारच्या इमारतीतला कैदीही दिसू नये. हे पुस्तकात वाचलेले असते. तिथल्या लांबलचक व्हरांड्यात उभे राहून समोरच्या कोऱ्या भिंतीकडे पाहिले की एकांतवास म्हणजे काय ते खरोखर समजते. विनायक दामोदर सावरकर १९११ ते १९२१ इथे होते आणि त्यांचे थोरले बंधू बाबारावही याच तुरुंगात होते. सावरकरांची कोठडी वरच्या मजल्यावर टोकाला आहे, तेव्हा जिने चढणे कठीण असलेल्यांना सकाळच्या थंड वेळी न्यावे. बंगाल, पंजाब आणि इतर प्रांतांतल्या क्रांतिकारकांच्या नावांच्या पाट्याही वाचाव्यात. या जागेला अर्धा दिवस तरी द्यावा. सहलीतल्या पाऊण तासाच्या धावत्या भेटीत काहीच हाती लागत नाही.

याच अंदमानातला एक बेत मी सुचवणार नाही. बाराटांगच्या चुनखडीच्या गुहांकडे जाणारा रस्ता जारवा आदिवासींच्या राखीव क्षेत्रातून जातो आणि वाहने पोलीस बंदोबस्तात, ताफ्याने सोडली जातात. वाटेत थांबणे, छायाचित्र काढणे, खाऊ देणे हा गुन्हा आहे. तरीही ‘जारवा दिसतील’ असे सांगून ही सहल विकली जाते. माणसांना पाहायला जाणे हा पर्यटनाचा भाग असूच शकत नाही. तो दिवस नीलला दिलेला बरा.

बाकीच्या सोयींबद्दल थोडक्यात सांगायचे तर अंदमानात बंगाली, तमिळ, उत्तर भारतीय असे सगळे जेवण मिळते आणि शाकाहारी माणसाची अडचण होत नाही. लक्षद्वीपमध्ये नारळ आणि टूना मासा यांवर स्वयंपाक चालतो, शाकाहार मिळतो पण तोच तो मिळतो, म्हणून लाडू, चिवडा, मेतकूट बरोबर असावे. तिथे बंगारम वगळता दारूबंदी आहे. वस्ती बहुतांश मुस्लिम असल्याने गावातून फिरताना अंगभर कपडे असावेत. दोन्हीकडे रोख पैसे जवळ ठेवावेत. गंभीर दुखणे उद्भवले तर पोर्ट ब्लेअरला मोठे शासकीय रुग्णालय आहे, तर लक्षद्वीपमधून अत्यवस्थ रुग्णाला मुख्य भूमीवर हलवावे लागते. नियमित उपचार चालू असलेल्यांनी हा मुद्दा सर्वांत वर ठेवावा.

तेव्हा आजी-आजोबा, मुले आणि मधली पिढी असा गोतावळा असेल, किंवा पहिल्यांदाच बेटांवर जात असाल, तर मी निःशंक अंदमान सुचवेन. सहा-सात दिवस, त्यांत हॅवलॉकच्या दोन रात्री आणि नीलची एक. दोघेच असाल, पाण्यात तासन्‌तास रमत असाल, बाजारहाट आणि स्थलदर्शन नसले तरी चालत असेल आणि परवान्यासाठी धीर धरता येत असेल, तर लक्षद्वीपइतके शांत, स्वच्छ पाणी देशात दुसरीकडे मिळणे कठीण आहे. परकीय पारपत्र असलेले नातेवाईक बरोबर येणार असतील तर दोन्हीकडचे नियम त्यांच्यासाठी वेगळे आहेत आणि लक्षद्वीपमध्ये त्यांना मोजक्याच बेटांवर जाता येते. बेत ठरण्याआधी हे तपासावे.

कुठेही गेलात तरी परतीच्या विमानाच्या आदल्या दिवशी लहान बेटावर राहू नये. अंदमानात शेवटची रात्र पोर्ट ब्लेअरला आणि लक्षद्वीपमध्ये अगत्तीला काढावी, शिवाय कोचीहून पुढचे तिकीट त्याच दिवसाचे घेऊ नये. स्कूबा केले असेल तर त्यानंतर विमानात बसेपर्यंत किमान १८ तास जाऊ द्यावेत. प्रवाळाचा तुकडा, मग तो किनाऱ्यावर मरून पडलेला का असेना, पिशवीत घालू नये. वन्यजीव संरक्षण कायद्याने तो गुन्हा आहे आणि विमानतळावर सामान तपासताना तो सापडतोच.